वचनांतून विनवणी : मराठी ख्रिस्ती प्रार्थनेची वाट

धुळ्याच्या तुरुंगांत १९३२ सालीं २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारीं विनोबा भावे गीतेवर बोलत आणि साने गुरुजी तीं प्रवचनें उतरून घेत, ही हकीकत खानदेशांतील सुशिक्षित घरांत सर्वश्रुत आहे. त्याच धुळ्यांत शंकर श्रीकृष्ण देव यांनीं समर्थ रामदासांच्या वाङ्मयाचीं जुनीं बाडें जमविण्यांत आयुष्य वेंचलें. ग्रंथ वाचावा, त्यावर मनन करावें आणि त्या मननांतूनच देवाला हांक मारावी, हा क्रम या प्रांताला परका नाहीं. परंतु याच प्रांतांत एक लहानसा समाज दुसऱ्या एका ग्रंथाचीं पानें उघडून हाच क्रम कैक वर्षें पाळीत आला आहे, याची जाणीव शेजाऱ्यापाजाऱ्यांस क्वचितच असते. हा समाज मराठी ख्रिस्ती मंडळींचा होय. रविवारच्या घंटेचा नाद सर्वांना ऐकूं येतो; पण उपासनामंदिराच्या आंत वाचलेल्या वचनांतून प्रार्थना कशी निघते, आणि ती स्वतःपुरती न राहतां दुसऱ्यांपर्यंत कशी पोहोंचते, हें बाहेरच्यांस ठाऊक नसतें. त्या वाटेचा इतिहास गोव्यापासून सातपुड्यापर्यंत पसरलेला आहे.

प्रथम ही पद्धति समजून घेतली पाहिजे. जुन्या वळणाच्या ख्रिस्ती घरांत दिवेलागणीनंतर कौटुंबिक उपासना होते. घरांतील वडील माणूस पवित्र शास्त्रांतील एक अध्याय वाचतो, एखादें गीत म्हटलें जातें आणि मग प्रार्थना होते. ही प्रार्थना पाठ केलेली नसते. तशी ती अगदींच स्वैरहि नसते. वाचलेल्या अध्यायांतील विचार हाच तिचा सांगाडा असतो. मनाला पापाची टोंचणी लागली असेल तर स्तोत्रसंहितेंतील एकावन्नावें स्तोत्र वाचावें आणि दाविदानें ज्या क्रमानें आपला अपराध कबूल केला त्याच क्रमानें आपलाहि कबूल करावा. आजाऱ्याच्या उशाशीं तेविसावें स्तोत्र वाचावें, आणि त्यांतील मेंढपाळ ज्या काळोख्या दरींतून कळपाला नेतो त्या दरींत या आजाऱ्याचा हात धर, अशी विनंती करावी. प्रवासाला निघालेल्या माणसासाठीं एकशें एकविसावें स्तोत्र असतें. ग्रंथांतील शब्द जेथें संपतो तेथें घरांतील माणसाचें नांव सुरू होतें, एवढेंच या पद्धतीचें मर्म आहे.

दुसऱ्यांसाठीं करावयाच्या प्रार्थनेचा धडा विशेषतः पौलाच्या पत्रांतून घेतला जातो. इफिस, फिलिप्पै आणि कलस्सै येथील मंडळींना लिहिलेल्या पत्रांत, मी तुमच्यासाठीं काय मागतों, हें पौल सांगतो. हीं पत्रें बंदिवासांतून लिहिलेलीं आहेत, असें परंपरा मानते. तरीहि त्या मागण्यांत सुटकेचा, पैशाचा किंवा आरोग्याचा उल्लेख नाहीं. प्रीति वाढावी व तिला समजुतीची जोड मिळावी, अंतर्यामीं बळ यावें, उत्तम काय तें ओळखतां यावें, सहनशीलता आनंदासह असावी, हें त्यांतील मागणें. ज्या आईचा मुलगा भुसावळच्या रेल्वेंत किंवा मुंबईच्या कचेरींत नोकरीला आहे, ती स्वभावतः त्याच्या बढतीसाठीं आणि प्रकृतीसाठीं देवाजवळ पदर पसरील. त्यांत वावगें कांहीं नाहीं. पण पौलाचें पत्र समोर असलें म्हणजे तिला थांबून विचार करावा लागतो. मुलाला पगार वाढवून मिळावा याच्या आधीं त्याची विवेकबुद्धि वाढावी, हें मागण्याचें तिला सुचतें. माणूस स्वतःच्या मनानें प्रार्थना करूं लागला म्हणजे त्याची गाडी त्याच त्या चाकोरींतून जाते. ग्रंथ त्याला चाकोरींतून बाहेर काढतो.

या सर्व प्रार्थनांचा नमुना म्हणजे येशू ख्रिस्तानें शिष्यांना शिकविलेली प्रभूची प्रार्थना. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायांत ती आहे. तिच्यांत आरंभापासून शेवटपर्यंत प्रथम पुरुषाचें एकवचन एकदांहि येत नाहीं. भाकर मागावयाची ती सर्वांसाठीं, क्षमा मागावयाची तीहि सर्वांसाठीं. आतां मराठी भाषेची एक खुबी आहे. इंग्रजींत ज्या ठिकाणीं एकच सर्वनाम आहे, तेथें मराठींत दोन आहेत, ‘आम्ही’ आणि ‘आपण’. ‘आपण’ म्हटलें कीं ऐकणाराहि आंत येतो. ‘आम्ही’ म्हटलें कीं तो बाहेर राहतो. देवाशीं बोलतांना ‘आम्ही’ हाच शब्द योग्य, कारण देव कांहीं क्षमा मागणाऱ्यांपैकीं नव्हे. परंतु त्या ‘आम्ही’मध्यें कोण कोण मोडतें? घरचे? मंडळीचे? गांवांतील सर्व? मराठी ख्रिस्ती प्रार्थनेचा इतिहास म्हणजे बव्हंशीं या एका शब्दाची कक्षा कितपत रुंदावली याचा इतिहास आहे.

या इतिहासाचें पहिलें पान गोव्यांत लिहिलें गेलें. टॉमस स्टीफन्स हे १५४९ सालीं जन्मलेले इंग्रज जेझुइट पाद्री १५७९ सालीं गोव्यास आले आणि १६१९ सालीं मृत्यु येईपर्यंत त्याच प्रांतांत राहिले. नवख्रिस्ती लोकांची जुनीं पुराणें सुटलीं होतीं आणि त्यांच्या जागीं श्रद्धेनें वाचावें असें स्वभाषेंत कांहींच नव्हतें. ही उणीव ओळखून स्टीफन्स यांनीं बायबलांतील कथा मराठी ओवींत रचली. ‘ख्रिस्तपुराण’ या नांवानें प्रसिद्ध असलेला हा सुमारें अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ १६१६ सालीं रायतूर येथें रोमन लिपींत छापला गेला, आणि त्याच शतकांत त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. परदेशांतून आलेल्या धर्माची कथा ज्ञानेश्वर-एकनाथांच्या छंदांत ऐकूं आली, तेव्हां ती ऐकणाऱ्याच्या ओठांवर बसली. पुढें १६८४ सालीं पोर्तुगीज सरकारनें स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान काढलें. तरी ख्रिस्तपुराणाचें गायन गोवा-मंगळूरकडील ख्रिस्ती घरांत दीर्घकाळ टिकून राहिलें. जी भाषा माणसाच्या प्रार्थनेंत शिरते, ती हुकुमानें सहसा निघत नाहीं.

महाराष्ट्राच्या पठारावर हा ग्रंथ पोहोंचला नाहीं. येथें दुसराच प्रवाह आला. विल्यम केरी यांनीं पंडितांच्या साह्यानें बंगालमधील श्रीरामपूर येथून मराठी नवा करार १८११ सालीं प्रसिद्ध केला. १८१३ सालीं गॉर्डन हॉल आणि त्यांचे सहकारी मुंबईस उतरले व अमेरिकन मराठी मिशनचा पाया घातला गेला. त्यांच्या प्रयत्नानें मुंबईंत छापलेला मराठी नवा करार १८२६ सालीं पुरा झाला, आणि त्याच सालच्या मार्च महिन्यांत नाशिककडील दौऱ्यांत हॉल पटकीनें मरण पावले. मुंबईच्या या भाषांतरांत जुना करार संपूर्ण होण्यास आणखी सुमारें वीस वर्षें लागलीं. हीं सालें वाचतांना केवळ छापखान्याचा इतिहास दिसतो; पण त्यामागें प्रार्थनेचा प्रश्न होता. स्तोत्रसंहिता जुन्या करारांत आहे. ती भाषेंत आल्यावांचून दुःख, संताप, पश्चात्ताप आणि आनंद यांसाठीं बायबलांत जे शब्द आहेत ते मराठी माणसाच्या हातीं येणें शक्य नव्हतें.

शब्द हातीं आले, पण त्यांतून प्रार्थना काढण्याची रीत दुसरीकडून आली. आणि तिचा एक उगम इंग्लंडांतील ब्रिस्टल शहरांत आहे. जॉर्ज म्यूलर (१८०५–१८९८) हे मूळचे प्रशियाचे. ब्रिस्टल येथें त्यांनीं अनाथ मुलांसाठीं घरें काढलीं. वर्गणी मागावयास कोणाच्या दारीं जावयाचें नाहीं, केवळ देवाजवळ मागावयाचें, हा त्यांचा नेम होता. ५ डिसेंबर १८३५ रोजीं वाचनांत त्यांना एक्यांशीव्या स्तोत्रांतील एक वचन लागलें. देव आपल्या लोकांना तोंड मोठें उघडावयास सांगतो आणि तें भरण्याचें अभिवचन देतो, असा त्याचा आशय आहे. तोंवर म्यूलर, अनाथगृह काढावें कीं नाहीं, एवढेंच देवाला विचारीत होते. त्या दिवसापासून त्यांनीं घर, हजार पौंड आणि योग्य माणसें मागावयास आरंभ केला. १८३६ सालच्या एप्रिलमध्यें पहिलें अनाथगृह उघडलें. कालांतरानें ॲशले डाउन येथील पांच इमारतींत दोन हजारांहून अधिक मुलांची सोय झाली.

१८४१ सालीं म्यूलर यांनीं आपल्या रोजनिशींत एक गोष्ट नमूद केली, ती या विषयाच्या दृष्टीनें अधिक महत्त्वाची आहे. कित्येक वर्षें ते सकाळीं उठतांच प्रार्थनेला बसत. पण पंधरा मिनिटें, अर्धा तास मन भटके आणि मग कोठें प्रार्थना सुरू होई. त्यांनीं क्रम उलटा केला. आधीं नव्या करारांतील थोडासा भाग सावकाश वाचावा, एकेका वाक्यापाशीं थांबावें. मग कबुली, आभार, स्वतःसाठीं मागणें, दुसऱ्यासाठीं मागणें, ज्याचें त्याचें स्थान आपोआप सांपडतें, असा त्यांना अनुभव आला. प्रार्थनेनें वाचनाची सुरुवात करण्याऐवजीं वाचनानें प्रार्थनेची सुरुवात करावी, हा साधा शोध होता. पण साध्या शोधांचेच पाय लांबवर जातात.

तो शोध मराठी मुलखांत ज्यांच्या हातीं फळाला आला त्या पंडिता रमाबाई होत. त्यांचा जन्म १८५८ सालचा. संस्कृतांत त्यांचें पांडित्य असामान्य होतें. तरीहि स्त्रियांना वेदाधिकार नाहीं, हें धर्मशास्त्राचें म्हणणें त्यांच्या मनाला सलत राहिलें. संसाराच्या दिवसांत आसामांतील सिलचर येथें घरच्याच पुस्तकांत त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत सांपडली. पुढें इंग्लंडांत, पतित म्हणून समाजानें टाकलेल्या स्त्रियांसाठीं चालविलेलें एक आश्रयगृह त्यांनीं पाहिलें. या स्त्रियांची इतकी काळजी कां घेतां, असें त्यांनीं विचारलें असतां एका धर्मभगिनीनें त्यांना योहानाच्या शुभवर्तमानांतील चौथा अध्याय, शोमरोनी स्त्रीची कथा, वाचून दाखविला. १८८३ सालच्या सप्टेंबरांत त्यांचा व कन्या मनोरमा हिचा बाप्तिस्मा झाला. ज्या अध्यायानें त्यांचें मन वळविलें तो विहिरीवर पाणी भरावयास आलेल्या, गांवानें दूर ठेवलेल्या बाईचा होता, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. रमाबाईंच्या ‘आम्ही’मध्यें ती बाई पहिल्यापासूनच होती.

१९०७ सालीं प्रसिद्ध झालेल्या आत्मनिवेदनांत रमाबाईंनीं, आपल्यावर कोणत्या पुस्तकांचा परिणाम झाला, तें सांगितलें आहे. त्यांत जॉर्ज म्यूलर यांच्या चरित्राचा उल्लेख आहे. तेथें जें झालें तें हिंदुस्थानांत कां होऊं नये, हा प्रश्न त्यांना पडला. १८९६ सालच्या लोणावळ्याच्या शिबिराची गोष्ट त्यांच्या चरित्रांत येते. त्यांच्याबरोबर पंधरा मुली होत्या. यिर्मयाच्या ग्रंथाच्या बत्तिसाव्या अध्यायांत, देवाला अशक्य असें कांहीं आहे काय, अशा अर्थाचा प्रश्न आहे. त्या वचनाच्या आधारें रमाबाईंनीं पंधराचा वर्ग, म्हणजे दोनशें पंचवीस मुली, देवाजवळ मागितल्या. एका विद्वान बाईनें गणिताच्या भाषेंत प्रार्थना करावी, ही मौजेची गोष्ट वाटेल. पण त्या वर्षाअखेर मध्यप्रांतांत दुष्काळ पडला, आणि मागणाऱ्या बाईला स्वतः उठून दुष्काळी मुलखांत जावें लागलें. रस्त्याच्या कडेला पडलेल्या, अन्नासाठीं विकल्या जाणाऱ्या मुली त्यांनीं शोधून आणल्या. त्यांची संख्या तीनशेंच्या आसपास गेली. पुणें जिल्ह्यांतील केडगांव येथें मुक्तिसदन उभें राहिलें, तें या मुलींसाठीं. १९०० सालच्या दुष्काळानंतर तेथील वस्ती सुमारें दोन हजारांपर्यंत पोहोंचली. दुसऱ्यासाठीं केलेली प्रार्थना प्रार्थना करणाऱ्यालाच कामाला लावते, याचें याहून ठळक उदाहरण मराठी मुलखांत सांपडणें कठीण.

केडगांवची दुसरी घटना १९०५ सालची. त्या वर्षाच्या आरंभीं रमाबाईंनीं विशेष प्रार्थनेसाठीं स्वेच्छेनें पुढें येण्याचें आवाहन केलें. प्रथम सत्तर जणी निघाल्या. जून अखेर दिवसांतून दोन वेळां जमणाऱ्यांची संख्या साडेपांचशेंवर गेली. ३० जूनच्या सकाळीं रमाबाई नेहमींच्या शांत रीतीनें योहानाचा आठवा अध्याय समजावून सांगत होत्या. दोषी ठरविलेल्या स्त्रीला दगड मारावयास जमलेले लोक एकेक करून निघून जातात, ती कथा याच अध्यायाच्या आरंभीं आहे. मुली मोठ्यानें प्रार्थना करूं लागल्या आणि रमाबाईंना बोलणें थांबवावें लागलें. या जागृतीवर त्या काळीं टीकाहि पुष्कळ झाली. आरडाओरडा म्हणजे भक्ति नव्हे, असें ख्रिस्ती लोकांतहि अनेकांस वाटलें. तें मत कसेंहि असो. ज्या मुलींना दोन-चार वर्षांपूर्वीं अक्षर ठाऊक नव्हतें आणि ज्यांचें कोणी ऐकत नव्हतें, त्यांना ग्रंथ ऐकून स्वतःच्या शब्दांत बोलावयाचें धैर्य आलें, एवढी गोष्ट निर्विवाद आहे.

त्या शब्दांचीच चिंता रमाबाईंना शेवटपर्यंत लागून राहिली. प्रचलित मराठी भाषांतरांतील संस्कृतप्रचुर भाषा खेड्यांतील बायांना कळत नाहीं, हें त्या रोज पाहत होत्या. म्हणून उतारवयांत हिब्रू आणि ग्रीक या भाषांचा अभ्यास करून त्यांनीं समग्र बायबलाचें नवें, सोपें भाषांतर हातीं घेतलें. केडगांवच्या छापखान्यांत ग्रीक-हिब्रू टाइप जुळविण्याचें काम स्त्रियाच करीत. १९२१ सालीं मनोरमाबाई वारल्या. तरी आईचें काम थांबलें नाहीं. ५ एप्रिल १९२२ रोजीं रमाबाईंनीं देह ठेवला, आणि १९२४ सालीं तें भाषांतर प्रसिद्ध झालें. मंडळ्यांमधून त्याचा प्रसार फारसा झाला नाहीं, हें खरें. पण ज्या विदुषीला ‘सरस्वती’ ही पदवी कलकत्त्याच्या पंडितांनीं दिली होती तिनें आपलें संस्कृत बाजूला ठेवून मोलकरणीला प्रार्थना करतां येईल असे शब्द शोधीत सुमारें पंधरा वर्षें खर्ची घालावीं, हा त्यागच एक मोठें मध्यस्थीचें कर्म होय.

‘आम्ही’ची कक्षा वाढविणारे दुसरे पुरुष म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. नागपूरहून राजनांदगांवला जातांना आगगाडींत एका युरोपियन सहप्रवाशानें त्यांना नव्या कराराची प्रत दिली. मत्तयाच्या पांचव्या अध्यायापासून सुरू होणाऱ्या डोंगरावरील प्रवचनानें त्यांना जखडून टाकलें. शत्रूवरहि प्रीति करावी व छळ करणाऱ्यांसाठीं प्रार्थना करावी, ही आज्ञा त्याच प्रवचनांत आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि आप्तेष्टांनीं त्यांना टाकलें; त्या आज्ञेची परीक्षा अशी त्यांच्या घरापासूनच सुरू झाली. शास्त्रांतील वचनें इंग्रजी चालींवरील भाषांतरित गीतांत कोंबून म्हणणें टिळकांच्या कानांना रुचेना. त्यांनीं अभंग, ओवी आणि पद यांतून उपासनेचीं गीतें रचलीं, आणि मराठी मंडळ्यांच्या ‘उपासना-संगीता’ंत त्यांना मानाचें स्थान मिळालें. खानदेशांतल्या मंडळ्या तुकारामाच्या छंदांत देवाला आळवितात याचें श्रेय बरेंचसें त्यांचें आहे. १९१७ सालीं टिळकांनीं मिशनची नोकरी सोडून साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना त्यांत जागा होती. दोन वर्षांनीं, ९ मे १९१९ रोजीं, त्यांचें निधन झालें आणि दरबार फार काळ चालला नाहीं; पण मंडळीच्या कुंपणापाशीं ‘आम्ही’ हा शब्द संपत नाहीं, हें त्यांनीं आपल्या कृतीनें दाखवून दिलें.

त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांची वाट निराळी होती. त्यांचें शिक्षण बेताचें, सोंवळें कडक. पतीच्या धर्मांतरानंतर पांच वर्षें त्या हिंदु धर्मांतच राहिल्या. ‘स्मृतिचित्रें’ या आत्मचरित्रांत त्यांनीं, जातिभेद देवानें केला कीं माणसानें, हा विचार आपल्या मनांत कसा उलगडत गेला आणि अखेर कोणाच्याहि हातचें पाणी घेण्यास आपण कशा तयार झालों, तें वर्णिलें आहे. रमाबाईंची कक्षा ग्रंथानें रुंदावली. लक्ष्मीबाईंची पाण्याच्या एका पेल्यानें. टिळकांचें ‘ख्रिस्तायन’ अपुरें राहिलें होतें. तें पुढें याच बाईंनीं ओवीबद्ध रचना करून पूर्ण केलें.

खानदेशांत हे सर्व प्रवाह थोडे उशिरा पोहोंचले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभीं पूर्व भागांत, भुसावळ व चाळीसगांवकडे, अमेरिकेंतील ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सचे लोक आले. पश्चिमेस, नंदुरबार व नवापूरकडे, स्वीडनमधील आणि अमेरिकेंत स्थायिक झालेल्या स्कँडिनेव्हियन लोकांतील मिशनरी आले. १९०६ सालीं खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, त्यांचेच पुढें जळगांव व धुळें हे जिल्हे बनले. धुळें जिल्ह्यांतून १९९८ सालीं नंदुरबार वेगळा निघाला. येथें प्रार्थनेपुढें एक नवीच अडचण उभी राहिली. तापीकांठच्या शेतकऱ्याच्या घरांत अहिराणी बोलतात. सातपुड्यांतील भिल्लाच्या झोंपडींत भिल्ली, मावची किंवा पावरी. या लोकांना पुण्या-मुंबईची पुस्तकी मराठी म्हणजे शाळेची आणि कचेरीची भाषा. रमाबाईंना जी अडचण केडगांवच्या मुलींविषयीं वाटली, तीच येथें दुप्पट झाली. शास्त्र वाचावयाचें एका भाषेंत, आणि तापानें फणफणलेल्या लेकरासाठीं देवाला हांक मारावयाची दुसऱ्या भाषेंत! ज्या घरांत या दोन भाषांमध्यें पूल बांधला गेला, तेथें प्रार्थना जिवंत राहिली. जेथें तो बांधला गेला नाहीं, तेथें ती पाठांतरावर आली.

आणि योगायोग असा कीं, या बोलींत बायबलांतील एक उतारा छापून निघाला तो एका सरकारी कामामुळें. जॉर्ज ग्रियर्सन यांच्या देखरेखीखालीं हिंदुस्थानच्या भाषांची जी पाहणी झाली, तिच्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागांत, १९०७ सालीं, भिल्ली बोलींचा आणि खानदेशीचा समावेश आहे. प्रत्येक बोलीचा नमुना म्हणून एकच कथा सर्वत्र भाषांतरित करून घेण्यांत आली. ती कथा म्हणजे लूकच्या पंधराव्या अध्यायांतील उधळ्या पुत्राची. व्याकरणाच्या सोयीसाठीं निवडलेला हा उतारा प्रार्थनेचाहि उत्तम धडा आहे, हें पाहणी करणाऱ्यांच्या मनांत असण्याचें कारण नव्हतें. त्या कथेकडे वळण्यापूर्वीं या पद्धतींतील एका धोक्याचा विचार केला पाहिजे.

वचनाच्या आधारें मागणें ही गोष्ट निसरडी आहे. वचन म्हणजे मंत्र, तो म्हटला कीं देव बांधला गेला, अशी समजूत होण्यास वेळ लागत नाहीं. कोठलेंहि पान उघडावें, बोट ठेवावें आणि जें वाक्य लागेल तो आपल्यासाठीं कौल समजावा, हाहि प्रकार भाविक लोक करतात. याविरुद्ध इशारा बायबलांतच आहे. मत्तयाच्या चौथ्या अध्यायांत सैतान येशूला मंदिराच्या शिखरावरून उडी टाकावयास सांगतो, तेव्हां तो आधार देतो तो एक्याण्णवाव्या स्तोत्राचा! शास्त्रवचन तोंडीं असणें ही साधुत्वाची खूण नव्हे. दुसरी अडचण शापांची. एकशें नवव्या स्तोत्रांत शत्रूच्या घरादारावर शाप आहेत. ज्याच्याशीं बांधाचें भांडण आहे त्याच्यावर हें स्तोत्र म्हणावें काय? जाणते पाळक सांगतात कीं, संताप देवापुढें ओतून टाकावयास तें स्तोत्र आहे, शेजाऱ्यावर फेंकावयास नाहीं. आणि त्याच्या शेजारीं डोंगरावरील प्रवचन ठेवून वाचलें पाहिजे. एक वचन दुसऱ्या वचनानें तोलावें, हा नियम सोडला कीं वचनांतून विनवणी निघत नाहीं, केवळ हट्ट निघतो.

हा नियम पाळणाऱ्याचा आदर्श म्हणून दानीएलाकडे बोट दाखवितात. दानीएलाच्या पुस्तकाच्या नवव्या अध्यायांत तो परदेशांत बंदिवासांत बसून यिर्मयाचा ग्रंथ वाचीत आहे. यरुशलेम सत्तर वर्षें उजाड राहील असें त्यांत त्याला आढळतें. मुदत भरत आली आहे. आतां हक्कानें मागावें, असें दुसऱ्या कोणासहि वाटलें असतें. दानीएल मागत नाहीं. तो प्रथम कबूल करतो. पाप पूर्वजांचें, राजांचें, सबंध राष्ट्राचें. पण तो ‘त्यांनीं केलें’ असें म्हणत नाहीं, ‘आम्हीं केलें’ असें म्हणतो. स्वतः निर्दोष असलेला माणूस दोषी लोकांच्या ‘आम्ही’मध्यें जाऊन उभा राहतो. दुसऱ्यासाठीं प्रार्थना करणें म्हणजे काय, याचें उत्तर या एका सर्वनामांत आहे.

आतां उधळ्या पुत्राची ती कथा. धाकटा मुलगा आपला वांटा उधळून परत येतो. बापाला काय म्हणावयाचें, याचीं वाक्यें तो वाटेवर जुळवून ठेवतो. ती त्याची स्वतःसाठींची प्रार्थना. पण वाक्यें पुरीं होण्यापूर्वींच बाप त्याला मिठी मारतो. येथपर्यंतची कथा सर्वांना आठवते. पुढचा भाग मात्र विसरला जातो. थोरला मुलगा शेतावरून येतो आणि घरांत जाण्याचें नाकारतो. बापाशीं बोलतांना तो धाकट्याला ‘माझा भाऊ’ म्हणत नाहीं, ‘तुमचा मुलगा’ म्हणतो. बाप बाहेर येऊन त्याची समजूत घालतो आणि एकच शब्द दुरुस्त करतो : तो तुझा भाऊ आहे. थोरला आंत गेला कीं नाहीं, हें कथा सांगत नाहीं.

पाहणीच्या त्या जाड खंडांत ही कथा भिल्लांच्या बोलींत आणि खानदेशींत छापलेली आहे. ज्यांच्या तोंडच्या भाषेंत ती उतरविली गेली, त्या लोकांना गांवानें दीर्घकाळ आपल्या ‘आम्ही’च्या बाहेर ठेवलें होतें. गोव्याच्या ओवीपासून केडगांवच्या टाइपापर्यंत आणि साताऱ्याच्या दरबारापर्यंत जी वाट आली ती येथें, अंगणांत उभ्या असलेल्या थोरल्या भावापाशीं येऊन थांबते. स्वतःसाठीं प्रार्थना करणें धाकट्याला भुकेनें शिकविलें. दुसऱ्यासाठीं प्रार्थना करण्यास थोरल्याला एकच शब्द बदलावयाचा आहे, आणि तो बदलल्यावांचून त्याला उंबरठा ओलांडतां यावयाचा नाहीं.